दही, पाटे आणि काकांची हॉट रॉड

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही, नॉनव्हेज करतेस का हेही विचारलं नाही. दार उघडलं, माझ्या खांद्यावरून रस्त्यावर उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "किल्ली दे."

मी दिली. का दिली ते आजही सांगता येणार नाही. आयर्लंडमध्ये मेनूथहून एमएस्सी संपवून शॅननला नवी नोकरी धरलेली, दोन आठवडे मैत्रिणीच्या सोफ्यावर काढलेले. त्या दिवसांत खोलीच्या बदल्यात कुणी किडनी मागितली असती तरी मी आधी खोलीला खिडकी आहे का हे विचारलं असतं. काका आत गेले आणि झाकणाचा एक स्टीलचा डबा घेऊन आले. तो त्यांनी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवला, त्याला व्यवस्थित सीटबेल्ट लावला आणि माझी गाडी घेऊन चालते झाले.

दारात मी आणि काकू.

"काय होतं हो त्या डब्यात?"

"दही," काकू म्हणाल्या. "आत ये, चहा घे. वीस मिनिटं लागतील त्यांना."

एकवीस मिनिटांनी काका परत आले. डबा माझ्या नाकासमोर धरून झाकण उघडलं. आत पांढऱ्या पाण्यात दह्याचे तुकडे पोहत होते.

"बघ. ताक झालंय पार. खोली तुझी, पण मागचे शॉकअप बदलल्याशिवाय ही गाडी माझ्या दारात लावायची नाही."

ती माझ्या आयुष्यातली पहिली गाडी होती. मला राग आला आणि मी तो लपवला नाही. म्हटलं, "काका, महिन्यापूर्वी सरकारी तपासणीत पास झालीय ती."

"सरकार दही लावतं का?"

पुढच्या शनिवारी त्यांनीच माझे शॉकअप बदलून दिले. तेव्हापासून अडीच वर्षं मी त्या घरात राहिले. आज सिटीवेस्टला राहते, लुआसनं ये-जा करते. ट्रामला वळणावर जरासा हिसका बसला की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "भेग." शेजारी बसलेला आयरिश माणूस जरा सरकून बसतो.

'भेग' हा काकांच्या चार इयत्तांमधला दुसरा नंबर. घट्ट, भेग, चोथा आणि ताक. शॅननपासून लिमरिकपर्यंतच्या झाडून सगळ्या मराठी माणसांच्या गाड्यांत त्यांनी दही फिरवलेलं होतं आणि कुणाची गाडी कितव्या इयत्तेत आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. एका डॉक्टरीणबाईंनी मोठ्या कौतुकानं नवी कोरी उंच एसयूव्ही घेतली होती. काकांनी तिला 'चोथा' दिला. बाई पुढे दोन दिवाळ्या काकांशी बोलल्या नाहीत.

काका मूळचे कोल्हापूरचे. तिथे अठरा वर्षं ट्रकच्या गॅरेजात पाटे बसवण्यात गेली. पाटे म्हणजे ट्रकच्या पोटाखाली एकावर एक रचलेल्या त्या वाकड्या लोखंडी पट्ट्या. काकू नर्स. त्यांना इकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि काका त्यांच्या व्हिसावर मागून आले. पहिली दोन वर्षं घरी बसून भाकऱ्या थापल्या, मग इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फोर्कलिफ्ट दुरुस्तीचं काम मिळालं. "फोर्कलिफ्टला सस्पेन्शनच नसतं गं," असं ते सांगायचे, आणि गावी कुणाच्या घरी अठरा विश्वे दारिद्र्य आहे हे सांगावं तसा चेहरा करायचे.

बुटके, रुंद, कानावर पेन्सिल, अंगात बारा महिने एकच हिरवा जंपर, म्हणजे इथला स्वेटर. कुठल्याही पार्किंगमधून ते सरळ चालत गेलेत असं मी पाहिलं नाही. उभ्या गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी दाबायचा, सोडायचा आणि मोजायचं. "एक... दीड... थांबली. पोरगी चांगली आहे." किंवा, "एक, दोन, तीन, चार... मेलाय शॉकअप. मालकाला पत्ता नाही." लिमरिकला मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं, सगळ्या आत तिळगूळ वाटत होत्या आणि बाहेर एकापाठोपाठ एक गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. हॉलचा रखवालदार धावत गेला. काका चौथ्या गाडीचा कोपरा दाबत होते.

"यू ग्रँड देअर?" त्यानं विचारलं. इथे 'ग्रँड' म्हणजे ठीक.

"ग्रँड," काका म्हणाले, "पण ही गाडी ग्रँड नाही." आणि त्यालाच दुसरा कोपरा धरायला लावला.

माणसंही त्यांना तशीच दिसायची. माझ्या मॅनेजरबद्दल मी रोज कटकट करायचे. ते ऐकून घेऊन म्हणाले, "त्याच्या पाट्यांना गंज चढलाय. तेल घाल, दोनदा गोड बोल, सुटेल." मग माझ्याकडे बघून, "आणि तुझं काय आहे, तुझा शॉकअप कमी पडतो. एकदा चिडलीस की चार वेळा हलतेस." मी तणतणत वर गेले. जिन्यातच मला कळलं की मी पाचव्यांदा हलतेय.

या सगळ्याच्या मुळाशी होती ती हॉट रॉड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सत्तर वर्षांपूर्वीची एखादी गाडी घ्यायची, तिचे मडगार्ड काढून टाकायचे, टप कापून खाली आणायचं, आत दांडगं इंजिन घालायचं आणि चकचकीत रंग मारून गावभर मिरवायचं. इथल्या खेड्यांतल्या जत्रांमध्ये जुन्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अशी एखादी असतेच. काकांनी आपली घरी बांधायला घेतली होती. घरी म्हणजे गावाबाहेर डोनल नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये. सांगाडाही त्याच्याच गोठ्यात सापडला, त्यात कोंबड्या राहत होत्या. डोनल गवताच्या गठ्ठ्यावर बसून काकांचं काम बघायचा. गावात कुणी विचारलं तर एवढंच सांगायचा, "युवर मॅन अँड हिज योगर्ट," म्हणजे हा बुवा आणि त्याचं दही, आणि मान हलवायचा.

मी गेले तेव्हा इंजिन बसलं होतं, रंग झाला होता. लालभडक, बघत राहावं अशी गाडी. अडलं होतं एकच. सस्पेन्शन ठरत नव्हतं. वर्षभर ठरत नव्हतं!

"इंजिन कुणीही बसवतं गं," काका म्हणायचे. "बसणाऱ्याला काय वाटणार, तो खरा प्रश्न."

त्यांच्यापुढे तीन रस्ते होते आणि ते मला इतक्यांदा ऐकावे लागले की आता झोपेत सांगीन. पहिला, जुन्या पद्धतीचा. पुढच्या दोन चाकांमध्ये एकच लोखंडी दांडा आणि त्यावर आडवा पाटा. मडगार्ड नसल्यामुळे तो समोरून दिसतो आणि हॉट रॉडची खरी शान तीच. पाटा म्हटलं की काकांचे डोळे लकाकायचे, अठरा वर्षं गेली होती त्यात. पण पाटा कडक. दुसरा रस्ता गोल स्प्रिंगचा, पोटात शॉकअप घातलेला. मऊ, वर किल्ली फिरवून कमीजास्त करता येणारा. पण पुढे लावला तर गाडीचा चेहरा जातो. तिसरा, रबराच्या हवा भरलेल्या पिशव्या. सगळ्यात मऊ, आणि काकांच्या मते सगळ्यात बेभरवशाच्या. "हवेवर बायको बसवू का मी?"

ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. काका हसले नाहीत. उठून हात धुवायला गेले.

तिन्ही प्रकारचे जुने भाग जमवून ते आळीपाळीनं बसवायचे. दर शनिवारी डोनलच्या शेतातल्या खडबडीत वाटेवरून ताशी वीस मैलांनी फेरी, शेजारच्या सीटवर पट्टा लावलेला डबा. फेरी संपली की झाकण उघडायचं. पाटे लावले की चोथा. गोल स्प्रिंगवर भेग. पिशव्यांवर बारीकशी का होईना, पण भेगच. घट्ट कधीच नाही. मग पुन्हा सगळं खोला. आणि मोडलेलं दही वाया कसं घालवायचं, म्हणून रविवारी कढी. अडीच वर्षांत मी त्या घरात जितकी कढी प्यायले तितकी माझ्या सगळ्या खानदानानं मिळून प्यायली नसेल.

दही लावायचं काम काकूंचं. शुक्रवारी संध्याकाळी दूध कोमट करायचं, विरजण लावायचं आणि डबा हॉट प्रेसमध्ये ठेवायचा. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. आयरिश लोक त्यात टॉवेल ऊबदार ठेवतात, आपली माणसं दही लावतात आणि इडलीचं पीठ फुगवतात. त्या कपाटासमोर उभं राहूनच एका शुक्रवारी मी काकूंना विचारलं, "हे सगळं कशासाठी चाललंय हो? रस्त्यावरच्या बाकी लोकांना चालतं की."

काकूंनी डब्याभोवती टॉवेल गुंडाळला. कमरेत न वाकता, गुडघ्यांत बसून. त्या नेहमीच तशा बसायच्या, माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

"समुद्रावर निघालो होतो आम्ही," त्या म्हणाल्या. "तू यायच्या चार वर्षं आधी. बॉगमधून रस्ता जातो बघ, दलदलीवरून. तिथे एके ठिकाणी रस्ताच खाली बसलाय. गाडी खाली गेली, वर आली आणि धाडकन आपटली. माझ्या पाठीतली चकती सरकली. ऑपरेशन झालं, सहा महिने आडवी होते. वॉर्डातली नोकरी गेली, आता टेबलाशी बसून फाइली बघते."

"पण यात काकांची काय चूक?"

"शॉकअप गेलेले होते आमच्या गाडीचे. ह्यांना माहीत होतं. पुढच्या रविवारी बदलतो, पुढच्या रविवारी बदलतो. लोकांच्या गाड्या आधी." काकूंनी कपाटाचं दार लावलं. "त्यावर आजपर्यंत एक अक्षर बोललेले नाहीत. मी बोलायला गेले तर उठून जातात. वर्षभरानं गावच्या जत्रेत एक लाल हॉट रॉड बघितली आणि मी आपलं सहज म्हटलं, असल्या गाडीतून एकदा समुद्रावर जावं. पुढच्या महिन्यात डोनलच्या गोठ्यातल्या कोंबड्या बाहेर काढल्या ह्यांनी."

"मग बसा की तुम्ही एकदा! डॉक्टर नको म्हणतात?"

"डॉक्टर केव्हाच हो म्हणालेत. रोज चालते, व्यायाम करते, पाठ छान आहे माझी. हे बसू देत नाहीत. दह्यावर भेग दिसली की त्यांना माझी पाठ दिसते." मग त्या एकदम चिडल्या. शांत माणसाचं चिडणं भारी असतं. "सात वर्षं होतील आता समुद्र बघून. आयर्लंडमध्ये राहते मी! तासाभरावर समुद्र आहे!"

मला त्या रात्रीपासून काकांचा राग करता येईना आणि राग आल्याशिवायही राहीना.

एप्रिलमध्ये डोनलनं शेत विकलं. गुडघे गेले होते, तो लेकीकडे राहायला जाणार होता. मे संपेपर्यंत शेड रिकामी करून द्यायची होती. नव्या मालकाला ती पाडायची होती, आणि आमच्या घरापुढे एका गाडीची जागा, तीही माझ्या गाडीनं अडवलेली. गाडी चाकांवर स्वतः चालत बाहेर पडली तर ठीक, नाहीतर तुकडे करून भंगारात. काकांनी हे जेवताना सांगितलं आणि वर म्हणाले, "बघू. ठरलं तर ठरलं." काकूंचा घास हातातच राहिला.

पुढच्या शुक्रवारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर काकू दुधात काहीतरी उकळवत होत्या. ओट्यावर चायना ग्रासचं रिकामं पाकीट.

"काकू! खरवस करताय?"

"दही करतेय," त्या म्हणाल्या. चेहरा हॉस्पिटलातला, सुई टोचायच्या आधीचा. "घट्ट दही."

मला कळायला दोन क्षण लागले. मग मी दार लावून घेतलं. खोटं कशाला सांगू, दुसरं पाकीट मीच प्रेसमधून काढून दिलं. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटालाही प्रेसच म्हणतात.

शनिवारी गाडीला गोल स्प्रिंग होते. काका फेरी मारून आले, झाकण उघडलं आणि तसेच उभे राहिले. डबा तिरका केला. दही हललं नाही. बोटानं टोचलं, बोट परत आलं. डोनल गठ्ठ्यावरून उठून बघायला आला, हे पाच वर्षांत पहिल्यांदा घडलं म्हणे.

"घट्ट," काका म्हणाले. "अगं, घट्ट!" आणि त्यांनी डोनलला मिठी मारली. डोनलला आयुष्यात कुणी मिठी मारली नसावी, तो हात खाली सोडून सरळ उभा राहिला. मी गाडीच्या मागे जाऊन तोंड दाबून हसले आणि लगेच मला कसंतरी झालं. इतका खरा आनंद आणि त्याखाली दोन पाकिटं चायना ग्रास.

आम्ही एकच गोष्ट विसरलो. रविवारची कढी.

काकूंनी नेहमीप्रमाणे दही घुसळलं, बेसन लावलं, आलं-मिरची, वरून फोडणी. उकळताना काही वाटलं नाही. काका इतके खुशीत होते की जेवायला बसून अर्धा तास बोलतच राहिले. पुढे आडवा पाटा लावणार, त्यातल्या दोन पट्ट्या काढून मऊ करणार, मधे नायलॉनच्या चकत्या घालणार म्हणजे घासणार नाही. मागे गोल स्प्रिंग, कारण सीट मागच्या चाकांजवळ येते. पुढचं डोळ्यांसाठी आणि मागचं पाठीसाठी! मग त्यांनी कढीची वाटी उचलून तोंडाला लावली. कढी आली नाही. वाटी अजून तिरकी केली. कढी जागची हलली नाही. त्यांनी वाटी ताटात उलटी केली. पिवळी, थरथरणारी कढी वाटीच्या आकारात ताटात उभी राहिली, वर कढीपत्त्याचं पान.

काका माझ्याकडे बघत होते. मी मिठाकडे बघत होते.

"काय घातलंस?" त्यांनी काकूंना विचारलं.

"चायना ग्रास. दोन पाकिटं."

"का?"

"का?" काकूंनी ताट सरकवलं. "अहो, बसायचं कुणाला आहे त्या गाडीत? मला का दह्याला? पाच वर्षं दह्याला विचारताय, कसं वाटलं, कुठे लागलं, कुठे मोडलं. मला विचारलंत एकदा तरी? मी या घरात आहे ना? जिवंत आहे ना?"

"तुझी पाठ..."

"माझी पाठ आहे. माझी! तुमची नाही, डब्याची नाही."

काका ताटातल्या त्या कढीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठून हात धुवायला जातील. उठले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "मला माहीत होतं गं. मागचा डावा गेला होता. आवाज करत होता. मला ऐकू येत होतं." मग मान वर करून, "पुन्हा मोडली तर मी काय करू?"

"मोडली तर मी सांगीन," काकू म्हणाल्या. "मला तोंड आहे. दह्याला नाही."

मी माझी वाटी घेऊन उठले आणि वर खोलीत जाऊन मनसोक्त रडले. मग भूक लागली म्हणून ती कढी चमच्यानं कापून खाल्ली. चवीला वाईट नव्हती.

दुसऱ्या शनिवारी डब्याऐवजी काकू शेडमध्ये आल्या. लाल सीटवर बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, "हं, घ्या." काकांनी वाटेवरून ताशी पाच मैलांनी फेरी मारली. चालत जाणारा डोनल गाडीच्या पुढे निघून गेला. मग दहा, मग पंधरा. प्रत्येक फेरीनंतर काका खाली वाकून स्प्रिंगची किल्ली फिरवायचे आणि काकू वरून हुकूम सोडायच्या. तेव्हा एक गंमत कळली. काका सगळं मऊ, अजून मऊ करत आले होते, कारण दह्याला धक्का सोसत नाही. काकूंच्या पाठीला मात्र धक्क्यापेक्षा ते डोलणं नको होतं.

"अहो, पाळण्यात घातल्यासारखं काय करताय? आवळा जरा."

"आवळू?"

"आवळा. अजून. हं, आता कसं, पाठीला कुणीतरी धरल्यासारखं वाटतंय."

दही कधी हे बोललं असतं? तीन वर्षांत जे ठरलं नव्हतं ते सव्वा तासात ठरलं. कानावरची पेन्सिल काढून काकांनी शेडच्या भिंतीवर आकडे लिहिले, पुढे पाडायच्या असलेल्या भिंतीवर.

मग इंजिनियरचा दाखला, विमा, बाकीचे सोपस्कार. मेच्या शेवटच्या रविवारी ती लाल गाडी स्वतःच्या चाकांवर शेडमधून बाहेर पडली. डोनलनं टोपी काढली. काकूंनी निळी साडी नेसली होती, डोक्याला स्कार्फ, आणि मांडीवर झाकणाचा स्टीलचा डबा. काकांनी डब्याकडे पाहिलं, पण आता विचारायची हिंमत नव्हती. मी माझ्या गाडीतून मागे.

बॉगच्या रस्त्याला लागण्याआधी एक फाटा आहे. तिथून लांबचा, सपाट रस्ता जातो. काकांनी डावीकडचा दिवा लावला. मला मागून दिसलं, काकूंनी हात बाहेर काढून सरळ पुढे दाखवला. दिवा बंद झाला.

ती जागा मी कधी पाहिली नव्हती, पण ओळखली, कारण काकांची गाडी जवळजवळ थांबली. रस्ता खरंच खाली बसलेला होता, दोन्ही बाजूंना तपकिरी बॉग आणि वर भलंमोठं आभाळ. लाल गाडी खाली गेली. वर आली. एक... दीड... डोलायची थांबली.

पुढे शंभर पावलांवर काकांनी गाडी गवतात घेतली आणि इंजिन बंद केलं. मी मागे थांबून धावत गेले. काका दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून बसले होते, चेहरा पांढरा. काकूंकडे बघवत नव्हतं त्यांना.

काकूंनी मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं. आत साधं, घरचं, बिनचायना ग्रासचं दही. मधोमध फुटलेलं, कडेनं पाणी सुटलेलं.

काकांनी डोळे मिटून घेतले.

"अहो, इकडे बघा," काकू म्हणाल्या. त्यांनी डबा माझ्या हातात दिला, पट्टा सोडला, दार उघडलं आणि रस्त्यावर ताठ उभ्या राहिल्या. साडीच्या निऱ्या नीट केल्या. "दही मोडलंय. मी नाही."

काकांनी डोळे उघडले. मग स्टीअरिंगवर डोकं टेकून ते हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही, हिरव्या जंपरची पाठ तेवढी हलत होती. काकूंनी खिडकीतून हात घालून ती थोपटली.

"चला," त्या म्हणाल्या, "समुद्र अजून वीस मिनिटं आहे. आणि ए, तो डबा नीट धर, सांडू नकोस. संध्याकाळी कढी करायचीय."